मोरगावचा पाषाण आणि लमेटा थर : एका स्तरनामाचा इतिहास

१

पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यात कऱ्हा नदीच्या काठी वसलेले मोरगाव अष्टविनायकांतील पहिले स्थान म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. भूशास्त्राच्या अभ्यासकांस मात्र या गावाचा परिचय आणखी दोन कारणांनी झालेला आहे. गावाखालचा काळा पाषाण हा दख्खनच्या पठारावर पसरलेल्या लाव्हाचा एक भाग असून त्याचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे आहे. कऱ्हेच्या काठावरील गाळात सापडणारी ज्वालामुखीची राख त्या मानाने अगदी अलीकडची आहे. या दोन निक्षेपांच्या दरम्यानचा काळ एवढा प्रदीर्घ आहे की त्यापुढे मानवी इतिहासाची सर्व कालगणना एका ओळीत संपावी.

तथापि, लाव्हा हा या भूमीचा आरंभ नव्हे. तो वाहू लागला त्यापूर्वी येथे जमीन होती, तीवर नद्या वाहत होत्या, तळी साचत होती आणि त्यांच्या काठी प्रचंड देहाचे प्राणी वावरत होते. त्या जुन्या भूपृष्ठावरचा गाळ जेथे लाव्हाच्या कडेस उघडा पडला आहे, तेथे तो 'लमेटा' या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रात त्याचे दर्शन घडते ते नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांत आणि अमरावती जिल्ह्याच्या सीमेवरील सालबर्डीच्या परिसरात. मोरगावी, किंबहुना सबंध पुणे जिल्ह्यात, हा थर पृष्ठभागावर कोठेही आढळत नाही.

या थराचा शोध, त्याचे नामकरण आणि त्याच्या वयाविषयी सुमारे सव्वाशे वर्षे चाललेला वाद यांचा इतिहास येथे पाहावयाचा आहे. हा इतिहास केवळ खडकांचा नाही. कोणत्या साक्षीदाराचे म्हणणे प्रमाण मानावे, एखाद्या वस्तूस दिलेले नाव ती वस्तू हातची गेल्यावरही का टिकते आणि स्थानिक उच्चार शास्त्रीय लेखनात शिरताना त्याचे काय होते, हे इतिहासाच्या व भाषेच्या अभ्यासकांचे नित्याचे प्रश्न आहेत. ते येथेही उपस्थित होतात.

२

प्रथम नावांचा विचार करणे सोयीचे होईल. मुंबई सरकारच्या सेवेत असलेले विल्यम हेन्री साइक्स यांनी पुण्याच्या बाजूचा विस्तृत प्रदेश पायाखाली घातला आणि त्याविषयीचे आपले निरीक्षण एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेपुढे मांडले. 'डेक्कन ट्रॅप' ही संज्ञा त्यांच्या नावाशी जोडली जाते. या जोडशब्दातील पहिले पद संस्कृत 'दक्षिण', प्राकृत 'दक्खिण' आणि मराठी 'दख्खन' या परंपरेतून आलेले आहे. दुसरे पद स्वीडिश भाषेतील जिना किंवा पायरी या अर्थाच्या शब्दावरून आले. सह्याद्रीच्या कड्यांवर एकावर एक रचल्यासारखे दिसणारे लाव्हाचे टप्पे ज्याने पाहिले आहेत, त्यास ही संज्ञा समर्पक वाटेल. मराठी शास्त्रीय लेखनात 'दक्षिण ट्रॅप' असे तिचे रूप रूढ झाले. विहीर खणणाऱ्यांच्या बोलीत मात्र याच खडकाला काळा पाषाण, मांजऱ्या, मुरूम अशी अवस्थाभेदाने निरनिराळी नावे आहेत आणि ती कामापुरती अचूक आहेत. कोठे सुरुंग लावावा लागेल व कोठे पहारीने भागेल, हे त्या नावांवरून कळते.

'लमेटा' या नावाची कथा अधिक बोधप्रद आहे. जबलपूरजवळ नर्मदेच्या काठी एक घाट आहे. तेथील लोक त्यास 'लम्हेटा घाट' म्हणतात. भारतीय भूशास्त्रीय सर्वेक्षणातील जोसेफ मेडलिकॉट यांनी नर्मदेच्या प्रदेशावरील आपल्या १८६० सालच्या वृत्तांतात या घाटावरून तेथील थरांचे नाव ठरविले. हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ साली त्यावर स्वतंत्र टिपण लिहिले आणि 'लमेटा' म्हणजेच ट्रॅपखालचा थर, असे समीकरण मांडले. 'गोंडवन' ही संज्ञा भूशास्त्रास देणारे तेच हे मेडलिकॉट.

रोमन लिपीतील लेखनात 'म्ह' हा महाप्राणयुक्त अनुनासिक हरवला. इंग्रजी कानास तो स्वतंत्र ध्वनी म्हणून जाणवत नाही. मराठीत मात्र 'म्हैस', 'म्हातारा', 'म्हणणे' अशा नित्याच्या शब्दांत तो जिवंत आहे. म्हणजे मूळ नाव जसेच्या तसे घेण्यास मराठीला कोणतीच अडचण नव्हती. परंतु मराठी लेखकांनी ते घाटावरून घेतले नाही, इंग्रजी ग्रंथांतून घेतले; आणि म्हणून मराठीत 'लमेटा', 'लामेटा', 'लॅमेटा' अशी रूपे दिसतात, 'लम्हेटा' हे रूप जवळजवळ दिसत नाही. शेजारच्या प्रदेशातील एक शब्द परक्या लिपीच्या वाटेने फिरून घरी आला, तो एक ध्वनी गमावून. रूढ झालेले नाव आता बदलावे असे सुचविण्याचे प्रयोजन नाही. पण शास्त्रीय परिभाषा कोणत्या मार्गाने आपल्यापर्यंत पोहोचली याचा हा स्वच्छ पुरावा आहे.

विदर्भातील पिसदुरा या गावाच्या नावाविषयीही असेच म्हणता येते. वरोऱ्याजवळच्या या लहानशा गावाचे नाव भूशास्त्रीय साहित्यात कोठे 'पिसदुरा' तर कोठे 'पिजदुरा' असे लिहिलेले आढळते. 'स'पुढे 'द' हा घोष वर्ण आला असता बोलण्यात 'स' घोष होण्याकडे झुकतो आणि त्याचा उच्चार 'जहाज' शब्दातील 'ज'च्या जवळ जातो. दोन्ही लेखनांचा उलगडा या एका ध्वनिप्रक्रियेने होऊ शकतो. एकाने कानावर पडले तसे लिहिले, दुसऱ्याने शब्दाची घडण पाहून लिहिले. ज्यांना या गावाविषयीचे जुने संशोधन शोधावयाचे आहे, त्यांना दोन्ही लेखने ठाऊक असणे आवश्यक आहे. अन्यथा अर्धे साहित्य नजरेतून निसटते.

३

आता अस्थींकडे वळू. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्धी पावलेले विल्यम स्लीमन यांना १८२८ साली जबलपूरच्या छावणीनजीक बडा शिमला नावाच्या टेकडीपाशी काही दगडी हाडे सापडली. त्यांतील मणके डॉक्टर स्पिल्सबरी यांच्यामार्फत कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेले. अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी पुढे ज्यांनी उलगडली, तेच हे प्रिन्सेप. एका विस्मृत लिपीचे वाचन आणि एका नष्ट सृष्टीच्या अवशेषांचे जतन ही दोन्ही कामे त्या काळी कलकत्त्यातील एकाच व्यक्तीच्या मेजावर येऊन पडत होती, ही गोष्ट त्या काळच्या विद्याव्यासंगाचे स्वरूप दाखविण्यास पुरेशी आहे.

येथे कालक्रम ध्यानात घेतला पाहिजे. स्लीमन यांना हाडे सापडली तेव्हा 'डायनोसॉर' हा शब्दच अस्तित्वात नव्हता. तो रिचर्ड ओवेन यांनी इंग्लंडात १८४२ साली घडविला. हाडे होती, पण ती ज्या कोटीत बसवावयाची ती कोटी नव्हती. अखेर १८७७ साली, म्हणजे शोधानंतर ४९ वर्षांनी, रिचर्ड लायडेकर यांनी त्या मणक्यांना 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असे नाव दिले. ग्रीक पुराणांतील टायटन आणि भारत या दोहोंची सांगड या नावात आहे. दोन वर्षांनी, १८७९ साली, लायडेकर यांनी पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून 'टायटॅनोसॉरस ब्लॅनफर्डी' ही दुसरी जाती स्थापिली. विदर्भातील मातीतून निघालेल्या डायनोसॉरला मिळालेले हे आरंभीचे शास्त्रीय नाव होय. मात्र त्यात गावाऐवजी सर्वेक्षणातील एका अधिकाऱ्याचे स्मरण आहे.

४

पिसदुऱ्याचा विषय निघाला की स्टीफन हिस्लॉप यांचा उल्लेख टाळता येत नाही. १८१७ साली जन्मलेले हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. धर्मप्रसार व शिक्षण हे त्यांचे नेमलेले काम. परंतु नागपूरच्या भोवतालचा प्रदेश पायी तुडवीत असता त्यांचे लक्ष दगडांकडे गेले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसराच्या भूरचनेवर व जीवाश्मांवर लिहिलेला निबंध १८५५ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. नागपूरजवळील टाकळी हे स्थळ त्यांच्या प्रयत्नाने जीवाश्मशास्त्रात नोंदले गेले. पिसदुऱ्याच्या अस्थीही त्यांच्या हयातीतच प्रकाशात आल्या. पुढे भूशास्त्रीय सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्यांनी त्याच शेतांतून आणखी संग्रह केला.

भाषाभ्यासकांस हिस्लॉप यांचे महत्त्व दुसऱ्या कारणाने आहे. याच भटकंतीत त्यांनी गोंडांची गीते, कथा व शब्द टिपून ठेवले. त्यांच्या मृत्यूनंतर ही टिपणे रिचर्ड टेंपल यांनी संपादून १८६६ साली प्रसिद्ध केली. मध्य प्रांतातील आदिवासींविषयीचे ते एक आद्य साधन मानले जाते. शंखशिंपले वेचणे आणि शब्द वेचणे ही हिस्लॉप यांच्या लेखी एकाच जिज्ञासेची दोन अंगे होती. दोन्हींत स्थळाची नोंद अचूक ठेवावी लागते. दोन्हींत वस्तू हाती आली त्या क्षणी तिचा अर्थ कळतोच असे नाही. आणि दोन्हींत नोंद करणाऱ्याची चूक पुढील पिढ्यांच्या वाट्याला येते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटच्या प्राचीन शिलावर्तुळांची पाहणी करून बोरीच्या मुक्कामी परतत असता पूर आलेल्या नाल्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात १८८३ साली निघाले. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या लमेटा थरांतून मिळालेल्या एका माशाला आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ साली 'इओसेरॅनस हिस्लॉपी' असे नाव देऊन त्यांचे स्मरण जीवाश्मांच्या नामावलीत कायम केले.

५

हिस्लॉप यांच्या कार्याने एक मोठा वाद मात्र सुरू झाला. लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडणाऱ्या गोड्या पाण्यातील गाळात गोगलगाईंचे कवच विपुल मिळतात. त्यांपैकी 'फायसा प्रिन्सेपी' ही जाती विशेष प्रसिद्ध आहे. सोवर्बी यांनी तिला १८४० साली प्रिन्सेप यांचे नाव दिले होते. या कवचांची तुलना युरोपातील ज्ञात कवचांशी करून हिस्लॉप या निष्कर्षास आले की हे थर तृतीय युगातील, म्हणजे डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरचे आहेत. त्यांच्या १८६० सालच्या निबंधाच्या शीर्षकातच हे मत नमूद आहे. उलट पक्षी, ट्रॅपखालच्या लमेटा थरांत डायनोसॉरची हाडे सापडत होती आणि ती क्रिटेशस कालाकडे बोट दाखवीत होती. विल्यम ब्लॅनफर्ड यांच्यासारख्या सर्वेक्षणातील भूशास्त्रज्ञांचा कल लाव्हा क्रिटेशसच्या उत्तरकालातील मानण्याकडे होता.

हा वाद विसाव्या शतकातही शमला नाही. थोर वनस्पतिजीवाश्मशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी १९३४ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात नेमका हाच प्रश्न शीर्षकात घालून लेख लिहिला : दक्षिण ट्रॅप क्रिटेशस की तृतीय युगातील? लाव्हांच्या मधल्या थरांतील वनस्पतींच्या साक्षीवरून त्यांनी तृतीय युगाच्या बाजूने कौल दिला. साहनींचा अधिकार एवढा मोठा होता की त्यांच्या मताचा प्रभाव दीर्घकाळ टिकला.

या वादाकडे आज पाहताना कोणा एकाने हलगर्जीपणा केला असे म्हणता येत नाही. गोगलगाई, वनस्पती आणि डायनोसॉर हे तीन निरनिराळे साक्षीदार होते, आणि प्रत्येकाची साक्ष युरोपातील नमुन्यांशी जुळवून वाचली जात होती. वास्तविक त्या काळी भारत हे गोंडवनापासून सुटून उत्तरेकडे सरकणारे एकाकी भूखंड होते. येथील जीवसृष्टीचे युरोपशी साम्य दिसले तरी ते समकालीनत्वाचा पुरावा ठरत नाही. दोन भाषांतील शब्द सारखे दिसले म्हणून त्यांचा काळ वा कूळ एक ठरत नाही, हे तत्त्व तौलनिक भाषाशास्त्रात एव्हाना सर्वमान्य आहे. खडकांच्या बाबतीत ते मान्य होण्यास भूखंडांच्या स्थलांतराची कल्पना प्रस्थापित व्हावी लागली.

निर्णय अखेर आला तो निराळ्या दिशेने. लाव्हातील चुंबकत्वाच्या नोंदी आणि किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवर आधारलेली कालमापने यांच्या आधारे फ्रेंच भूभौतिकशास्त्रज्ञ व्हिन्सेंट कूर्तियो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली असे प्रतिपादन केले की दक्षिण ट्रॅपचा उद्रेक क्रिटेशस व तृतीय युग यांच्या अगदी सीमारेषेवर झाला. त्यानंतरच्या अधिक सूक्ष्म मापनांनी लाव्हाचा बहुतांश भाग ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आगेमागे, दहा लाख वर्षांहून कमी अवधीत बाहेर पडल्याचे दाखविले आहे. कच्छमधील अंजार येथे लाव्हांच्या मधल्या थरांतच डायनोसॉरचे अवशेष मिळाले. म्हणजे पहिले लाव्हा वाहू लागल्यानंतरही काही काळ हे प्राणी येथे टिकून होते. याचा अर्थ असा की दोन्ही पक्षांचे म्हणणे अंशतः खरे होते. उद्रेक सीमेच्या अलीकडे सुरू झाला आणि पलीकडे संपला. मुंबईच्या वरळी भागातील थरांत बेडूक व कासव यांचे जे जीवाश्म मिळाले, ते या कथेच्या पलीकडच्या भागातले आहेत.

लमेटा थरांच्या उत्पत्तीविषयीही असाच मतभेद होता. जबलपूरचे चुनखडीयुक्त थर उथळ समुद्रात साचले असावेत असे काही अभ्यासकांनी मांडले होते. १९८७ साली ब्रुकफील्ड व अशोक साहनी यांनी या थरांत प्राचीन जमिनीची लक्षणे दाखविली. कोरड्या-ओल्या ऋतूंच्या आलटून-पालटून येण्याने मातीत चुनखडी जमते. आजही दख्खनच्या पठारावर, कऱ्हा-नीरेच्या खोऱ्यांतसुद्धा, शेतकऱ्यांच्या नांगराला लागणारी चुनखडी याच रीतीने बनते. लमेटा म्हणजे समुद्रतळ नसून अवर्षणग्रस्त भूमीवरील नद्या, तळी व मैदाने यांचा गाळ होय, हे मत आता सामान्यतः स्वीकारले गेले आहे.

६

पुन्हा नावांकडे येऊ. चार्ल्स मॅटले यांनी १९१७पासून जबलपूर येथे पद्धतशीर उत्खनन केले आणि त्यातील अस्थींचे वर्णन ट्यूबिंगेनचे प्राध्यापक फ्रीड्रिख फॉन ह्युने यांच्यासह १९३३ साली प्रसिद्ध केले. या कामातून अनेक नवी नावे अवतरली. त्यांतील 'जबलपुरिया' हे नाव लक्षणीय आहे. त्याच्या रोमन लेखनात शहराच्या नावाचे ब्रिटिश अमदानीतील विचित्र वर्णविन्यास तसेच आहेत. शहराने आपले इंग्रजी लेखन बदलले. परंतु प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एकदा प्रसिद्ध झालेल्या नावाचे लेखन सहसा बदलता येत नाही. म्हणून ते जुने लेखन शास्त्रीय नामावलीत शिलालेखाप्रमाणे टिकून आहे. घाटावरून घडविलेले 'लमेटासॉरस' हे मॅटले यांचे नाव तर अधिकच दुर्दैवी ठरले. ज्या अस्थींवर ते आधारले होते त्या एकाच प्राण्याच्या नव्हत्या, असे पुढील परीक्षणात आढळून आले. नाव उरले, त्याचा अर्थ विस्कटला.

'टायटॅनोसॉरस इंडिकस'ची गतही शेवटी तशीच झाली. लायडेकर यांनी ज्या लक्षणांवर हे नाव उभारले ती लक्षणे त्या वेळी अनन्य वाटत होती. पुढे जगभर तशाच मणक्यांचे अनेक प्राणी सापडले आणि एका प्राण्याची ओळख म्हणून मानलेले लक्षण एका सबंध कुळाचे ठरले. १८७७ साली जे विशेषनाम होते ते प्रत्यक्षात सामान्यनाम निघाले. जेफ्री विल्सन व पॉल अपचर्च यांनी २००३ साली हे नाव शास्त्रीयदृष्ट्या निराधार ठरविले. तथापि, त्या नावावरून पडलेले 'टायटॅनोसॉर' हे गटाचे नाव आजही जगभर वापरात आहे. शब्दाचा आधार निखळला तरी त्यापासून साधलेला शब्द टिकतो, हा अनुभव भाषेच्या इतिहासात नवा नाही.

याच दोघांनी चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या एका प्राण्यास नवे नाव दिले. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या भूशास्त्रज्ञांनी १९८४ ते १९८६ या काळात तेथे एका दीर्घग्रीव डायनोसॉरचा सांगाडा बऱ्याच प्रमाणात मिळविला होता. सोहनलाल जैन व शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ साली त्याचे वर्णन 'टायटॅनोसॉरस कोलबर्टी' या नावाने केले. २००३ साली तो 'इसिसॉरस कोलबर्टी' झाला. त्यातील 'इसि' म्हणजे त्या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. जैन यांचे स्वतःचे नाव 'जैनोसॉरस' या दुसऱ्या प्राण्यास मिळाले आहे. गावाचे नाव जातिवाचक पदात येण्याचा मान पिसदुऱ्यास लाभला तो एका सापामुळे : 'मॅडसोइया पिसदुरेन्सिस' ही जाती धनंजय मोहबे व त्यांचे सहकारी यांनी २०११ साली वर्णिली.

स्लीमन यांच्या मणक्यांचे पुढे काय झाले, हाही इतिहासाचाच भाग आहे. ते दीर्घकाळ गहाळ समजले जात होते. २०१२ साली कोलकात्यातील भूशास्त्रीय सर्वेक्षणाच्या संग्रहात मोहबे, शुभाशीष सेन व विल्सन यांना त्यांतील मणका पुन्हा आढळला आणि पुढील वर्षी त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. नाव रद्द झाले होते, वस्तू मात्र सापडली. संग्रहालयातील चिठ्ठी व क्रमांक नीट नसता तर ती उघड्या डोळ्यांसमोर असूनही ओळखता आली नसती.

७

लमेटा थरांनी दिलेले सर्वांत अनपेक्षित ज्ञान हाडांतून आलेले नाही. पिसदुऱ्याच्या लाल मातीत हाडांबरोबर विष्ठाश्म, म्हणजे प्राण्यांच्या विष्ठेचे दगड बनलेले गोळे, मोठ्या संख्येने मिळतात. मॅटले यांनी १९३९ साली त्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला होता. त्यानंतर सुमारे पाऊणशतकाच्या आत या गोळ्यांना निराळेच महत्त्व आले. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन व अशोक साहनी यांनी २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात असे दाखविले की या विष्ठाश्मांत गवताच्या पेशींतील सिकतेचे सूक्ष्म कण आहेत. तोपर्यंत गवताचा उदय डायनोसॉरनंतरचा मानला जात असे. डायनोसॉरच्या चित्रात गवत रंगविणे ही चित्रकाराची चूक समजली जाई. पिसदुऱ्याच्या पुराव्याने ती समजूत बदलली. एवढेच नव्हे, तर २०११ साली याच प्रकारच्या साक्षीवरून वंदना प्रसाद व सहकाऱ्यांनी भाताच्या कुळाचा उगम क्रिटेशसच्या उत्तरकालापर्यंत मागे नेला.

विष्ठाश्म कोणत्या प्राण्याचे, हे त्यांचा आकार व सोबतच्या अस्थी यांवरून केलेले अनुमान आहे. मोठे गोळे टायटॅनोसॉर गटातील प्राण्यांचे असावेत असे बहुतेकांचे मत आहे. गवताचा पुरावा मात्र त्या अनुमानावर अवलंबून नाही, कारण ते कण गोळ्यातच आहेत. पुराव्याचा कोणता भाग दुसऱ्या भागाच्या आधाराशिवाय उभा राहू शकतो, हे वेगळे करून पाहण्याची ही रीत इतिहासाच्या विद्यार्थ्याने आत्मसात करण्याजोगी आहे.

८

असा हा थर मोरगावच्या पाषाणाखाली आहे काय? लाव्हा भेदून खाली पोहोचणारी छिद्रे महाराष्ट्रात फार थोडी घेतली गेली, आणि तीही भूकंपांच्या निमित्ताने. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर तेथे घेतलेल्या छिद्रात ३३८ मीटर जाडीच्या लाव्हाखाली सुमारे ८ मीटर गाळखडक लागला आणि त्याखाली प्राचीन पट्टिताश्म. कोयनेच्या परिसरात, जेथे ११ डिसेंबर १९६७चा भूकंप झाला, तेथे पुढे घेतलेल्या छिद्रात सुमारे ९३० मीटर लाव्हानंतर थेट ग्रॅनाइटी पाया लागला. मधे गाळाचा थर नव्हताच. मराठवाड्यात तो आहे, सह्याद्रीच्या कुशीत नाही. मोरगाव या दोन टोकांच्या दरम्यान पडते. जुन्या भूपृष्ठावर उंचवटे व सखल भाग होते. गाळ सखल भागांत साचला, उंचवट्यांवर साचला नाही. म्हणून एका ठिकाणच्या छिद्रावरून दुसऱ्या ठिकाणचा निष्कर्ष काढणे हे एका गावच्या बोलीवरून सबंध प्रांताची बोली ठरविण्यासारखे होईल.

कऱ्हेच्या राखेने हाच धडा वेगळ्या प्रकारे दिला आहे. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवरील बोरी येथे व मोरगावी आदिमानवाच्या हत्यारांच्या सान्निध्यात ही राख आढळते. बोरीच्या राखेचे वय १९८९ साली सुमारे १४ लाख वर्षे सांगण्यात आले. १९९५ साली ते सुमारे ६ लाख ७० हजार वर्षांवर आले. आणि त्याच वर्षी राखेच्या रासायनिक घडणीवरून ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची आहे असेही प्रतिपादन झाले. राखेचे वय आणि राखेखालच्या हत्यारांचे वय हे दोन प्रश्न आहेत. नदीने जुना गाळ उकरून नव्यात मिसळला असल्यास एकाचे उत्तर दुसऱ्यास लागू पडत नाही. ट्रॅपच्या वयाविषयी जे सव्वाशे वर्षे चालले, त्याचीच ही लहान आवृत्ती होय.

लमेटाच्या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की नावे, मते व कालनिर्णय बदलत गेले. न बदलता टिकले ते स्थळ आणि त्या स्थळाची नोंद. स्लीमनपासून मॅटलेपर्यंत प्रत्येकाचा निष्कर्ष पुढे दुरुस्त करावा लागला, पण त्यांनी कोठून काय उचलले हे लिहून ठेवले होते म्हणूनच ती दुरुस्ती शक्य झाली. दुसरी गोष्ट त्यातूनच निघते. पिसदुऱ्याचे जीवाश्म शेतजमिनीत विखुरलेले आहेत. ते नांगराखाली येतात, कुतूहलाने उचलून नेले जातात आणि एकदा जागेवरून हलले की त्यांची साक्ष संपते. मॅटले यांच्या काळी विष्ठाश्मांत गवत शोधण्याचे साधन नव्हते; ते गोळे जागच्या जागी व संग्रहांत शिल्लक राहिले म्हणून २००५ साली त्यांना प्रश्न विचारता आला. उद्याचे प्रश्न कोणते असतील हे आज ठरविता येत नाही. त्यांच्यासाठी स्थळे राखून ठेवणे आणि त्यांची नावे गावकरी उच्चारतात तशी, अचूक लिहून ठेवणे, एवढे काम मात्र आजच्या अभ्यासकांच्या हाती आहे. आणि त्यातील दुसरे काम भूशास्त्रज्ञांपेक्षा भाषेच्या विद्यार्थ्यांचे अधिक आहे.